तिसरी उकळी

शेठच्या पिशवीतून परात निघाली तेव्हा मी आणि मास्तर नेरळ स्टेशनबाहेरच्या टपरीवर वडापाव खात उभे होतो. चांगली मोठी, कणीक मळायची स्टीलची परात. दोन दिवस माथेरानला निघालेला माणूस टोपी घेतो, स्वेटर घेतो. शेठनं जालन्याहून रात्रभर रेल्वेत उशाशी ठेवून परात आणली होती. सोबत पांढऱ्या कापडाचं गळणं, एक पेला आणि दोन लिटरची स्टीलची बाटली.

"तिथं भाकरी थापणार का रे?" मी विचारलं.

"पाणी थंड करायला हाय," शेठ म्हणाला आणि टपरीवाल्याशी बोलायला गेला.

आम्ही तिघं जालन्याचे, एका बाकावर बसून दहावी झालेले, आता पन्नाशी उलटलेले. शेठचं मस्तगडात कापडाचं दुकान. त्याचे पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि आमच्याशी आमच्याहून ठसकेबाज मराठी. मास्तर खरोखरच मास्तर, शाळेत गणित शिकवतो. मी मूळचा केदारखेड्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, पण गेली कितीतरी वर्षं नवीन जालन्यात राहून एका बियाणे कंपनीत प्लॉट तपासायची नोकरी करतो. म्हणून हे दोघं मला साहेब म्हणतात. त्यात मान किती आणि टिंगल किती, ते त्यांनाच माहीत.

नववीत असताना शाळेची सहल माथेरानला आली होती. तेव्हा ती छोटी गाडी बंद होती आणि सरांनी आम्हाला डोंगर पायी चढायला लावला. रुळाकडं बघत बघत वर गेलो आणि रुळाकडं बघत बघत खाली आलो. एकदा या गाडीतून वर जायचंच, असं तिघांनी तेव्हाच ठरवलं होतं. ठरवलेलं जमायला एवढी वर्षं गेली. कधी माझा हंगाम, कधी मास्तरच्या परीक्षा, कधी शेठच्या घरचं लग्न.

आणि जमलं ते नेमकं शेठचं वर्षीतप, जैनांचं ते लांबलचक व्रत, चालू असताना. एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी जेवण, पुन्हा उपास, असं तेरा महिने करायचं आणि अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसानं सोडायचं. आपल्या साबुदाण्याच्या उपासाशी याचा काही संबंध नाही. पोटात फक्त पाणी, तेही गाळून उकळलेलं, सकाळी दहाच्या पुढं आणि सूर्य मावळायच्या आत. कच्चं पाणी चालत नाही. उष्टं तर नाहीच नाही.

शेठनं हे दुकानात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्याच्या पोटाकडं बघून मोठ्यानं हसलो होतो. मस्तगडातला प्रत्येक कचोरीवाला ज्याला लांबून हाक मारतो, तो माणूस तप करणार! "पंधरा दिवस," मी चारचौघांत म्हणालो, "सोळाव्या दिवशी हा मला भजी खाताना सापडणार." शेठ फक्त "बघू" म्हणाला. आता अकरा महिने होत आले होते. पोट गेलं, गालफडं बसली, गळ्याची हाडं वर आली. मी एकदाही त्याला 'माझं चुकलं' म्हणालो नव्हतो. मला ते जमतच नाही.

टपरीपाशी मास्तरनं वड्याचा कागद चुरगाळला आणि शेठला हाक मारली. "अरे, आज तुझा जेवणाचा दिवस ना? मी बराबर मोजून तारीख काढली. काल उपास, आज जेवण. तुझ्यासाठी इडली सांगू का?"

शेठ हसला. "तुझं गणित बराबर हाय, मास्तर. पण आज चौदस हाय. चौदसला उपास राहतोच, मंग जेवणाचा दिवस असला तरी. आज लागोपाठ दुसरा."

"दुसरा? आन् हे तू आत्ता सांगून राह्यला?"

"तू तिकिटं काढून बसल्ता. किती खुश होता. म्हटलं, जाऊ दे, पाणी तर पिता येतं."

मास्तर एक दिवसाआड मोजत गेला होता, तिथी त्यानं बघितलीच नव्हती. मला मास्तरचा राग आला, शेठचा त्याहून जास्त आला. कारण आदल्या संध्याकाळी जालना स्टेशनवर शेठच्या मुलानं मला बाजूला घेतलं होतं. महिन्यापूर्वी उपासाच्या दिवशी शेठ दुकानात चक्कर येऊन पडला होता, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की अन्न नसलं तरी एक वेळ चालेल, पाणी कमी पडता कामा नये. "मास्तरकाका गप्पांत राहतात," मुलगा म्हणाला, "तुमचं कामच तपासायचं हाय, काका. पप्पांच्या पाण्याचं तुमच्यावर सोडतो." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "बिलकुल काळजी करू नको" म्हणालो होतो.

म्हणून मी शेठशेजारी जाऊन उभा राहिलो. टपरीवाल्याकडून त्यानं कोरं पातेलं मागून घेतलं, गळण्यातून पाणी गाळलं आणि शेगडीवर चढवलं. खळखळून उकळी आली की उतरवायचं, शांत झालं की पुन्हा चढवायचं. अशा तीन उकळ्या. मग परातीत ओतून वाफ जाईपर्यंत थांबायचं आणि तेव्हा कुठं बाटली भरायची. या भानगडीत आमची पहिली गाडी गेली. मास्तर घड्याळ बघून तोंड वाकडं करत होता. शेठ मात्र तिसऱ्या उकळीआधी कुणाचं ऐकेना. बाटली भरून झाली तेव्हा दहा वाजत आले होते.

"पी आता," मी म्हणालो.

"ऊन-ऊन हाय अजून. गाडीत बसलो की पितो."

दुसरी गाडी मिळाली. डबे एवढे लहान की समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागतो. शेठ खिडकीशी, मी त्याच्या समोर, मास्तर माझ्याशेजारी दुसऱ्या खिडकीत मोबाईल बाहेर काढून बसलेला. शेठच्या बाजूला पुण्याकडच्या एक आजी होत्या. गाडी हलली, मास्तरनं लहान पोरासारखी शिट्टी मारली. शेठ दोन वळणांत झोपला. रात्रभर रेल्वेत त्याचा डोळा लागला नव्हता. बाटली त्याच्या नि माझ्या पायांमध्ये उभी होती. त्याला उठवावं असं मनात आलं, पण म्हटलं पाच मिनिटं झोपू द्यावं.

मला वड्याची लाल चटणी बाधली. आधी ठसका, मग उचकी, मग असा ठसका की डोळ्यांतून पाणी. माझी बाटली मास्तरच्या बॅगेखाली दाबली गेली होती आणि मास्तर अर्धा खिडकीबाहेर होता. मी खाली वाकलो, हाताला आली ती बाटली उचलली आणि प्यालो. गाडी हिंदकळत होती, म्हणून तोंड लावून प्यालो. चार-पाच मोठे घोट. पाणी कोमट लागलं तेव्हा मला कळलं की मी काय पितोय.

बाटली खाली ठेवली. शेठ झोपलेला. आजी बाहेर बघत होत्या. मास्तर बाहेरच. कुणीच बघितलं नव्हतं.

सरळ गोष्ट होती. शेठला हलवून उठवायचं आणि सांगायचं, "बाबा, चुकून उष्टं झालं." तो रागावला नसता, हे मला माहीत होतं. कदाचित हसला असता. पण ज्या माणसाला मी पंधरा दिवसांत हरेल म्हणालो होतो, त्याचं पाणी मीच बाटवलं होतं, आणि तेही वड्याच्या चटणीपायी. मला लाज वाटली. आणि लाज वाटली की माणूस किती खालच्या थराला जातो, ते मी त्या दिवशी स्वतःपुरतं बघितलं.

जुम्मापट्टीला गाडी थांबली. मास्तर फोटो काढायला उतरला. मी खिडकीतून विकतच्या पाण्याची एक बाटली घेतली, शेठच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि जेवढं प्यालो होतो तेवढं भरून टाकलं. बाटली उचलून बघितली. वजन पहिल्याएवढं भरलं.

तिथून पुढं गाडी चढाला लागली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. मास्तर प्रत्येक वळणावर "बघा, बघा" करत होता. मला काही दिसत नव्हतं. मी त्या बाटलीच्या झाकणाकडं बघत होतो. मनाची समजूत घालत होतो की त्याला माहीतच नाही, तर त्याचं काय तुटतं? नकळत झालेल्याला देवही माफ करत असेल. पाप लागलंच तर मला लागेल, आणि मी काही फार धार्मिक माणूस नाही.

मग ब्रेक करकरले आणि गाडी थांबली.

पुढं वळणावर कातळातून एक मोठा दगड निसटून रुळावर आला होता. माकडांनी ढकलला असेल, असं गार्ड म्हणाला. तो आणि दोन-चार प्रवासी पुढं गेले, दगड हलतोय का बघून परत आले. पहारी घेऊन वरून माणसं यायची होती. "तासाभरात निघाला तर ठीक," गार्ड डब्याडब्यातून सांगत गेला, "नाहीतर गाडी परत नेरळला न्यावी लागेल."

गाडी थांबल्यावर वारा थांबला. फेब्रुवारीचं ऊन, पण पत्र्याचा डबा तापायला कितीसा वेळ लागतो? शेठ जागा झाला. आधी त्यानं पोटरी दाबली, पेटका आला होता. ओठ पांढुरके पडले होते. काल सूर्य मावळायच्या आधी जालन्यात तो शेवटचं पाणी प्याला होता आणि आता बारा वाजायला आले होते.

"पाणी घे की," मास्तर म्हणाला.

मी बाटलीकडं बघितलं.

"घेतो. आधी माळ करतो." शेठनं खिशातून माळ काढली आणि डोळे मिटले.

एकशेआठ मणी. मी ते मोजत बसलो. अंगठ्यानं एक मणी सरकायचा, ओठ हलायचे, मग पुढचा. सांगायचं तर या मण्यांमध्ये सांगायला हवं होतं. वीस झाले, तीस झाले. सांगितलं तर त्याच्याजवळ प्यायला थेंब उरणार नाही, आणि गाडी कधी हलेल ते कुणाला ठाऊक नाही. न सांगावं तर अकरा महिने सांभाळलेलं त्याचं पाणी माझ्या हातून जाणार. पन्नास झाले.

मला माझा चुलतभाऊ आठवला. आठवायचं काही कारण नव्हतं, पण आठवला. केदारखेड्यात त्याच्याकडं आमच्या कंपनीचा मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट होता. या कामात संध्याकाळी मादी झाडाची कळी हातानं सोलायची, सकाळी तिच्यावर नराचा पराग लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा म्हणजे हमी, की हे फळ हातानं लावलेल्या परागाचंच आहे. ज्या मिरचीला दोरा नाही, ती तोडून फेकायची. भावाच्या दोन दिवस मजूर बायका आल्या नाहीत. कळ्या आपोआप फुलल्या, आपोआप फळल्या, आणि यानं त्या मिरच्यांनाही दोरे बांधून टाकले. मी तपासायला गेलो तेव्हा ते ओळखलं. त्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की एवढ्या दोन ओळींतच झालं, बाकीचं बराबर आहे. "भाऊ, माझ्या शब्दावर ठेव," म्हणाला. मी अख्खा प्लॉट रद्द केला. एकदा दोरा खोटा निघाला की त्या माणसाचा कुठलाच दोरा मी खरा धरत नाही, असं मी त्याला त्याच्या बायकोसमोर सुनावलं होतं. त्यानंतर त्याला कधी प्लॉट दिला नाही. लग्नाकार्यात भेटलो तर तो नुसता "कवा आलास?" विचारतो आणि पुढं जातो.

नव्वद. शंभर. शेठनं माळ कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि बाटलीला हात घातला.

झाकण निघालं. पेला आजींच्या बाजूला होता. तो घ्यायला शेठ वळला, पेला घेतला, बाटली वाकवली. पेल्यात पाणी पडायला लागल्याचा आवाज आला, आणि माझा हात गेला. मी ठरवून केलं नाही, पण चुकूनही झालं नाही. माझा पंजा बाटलीवर बसला, बाटली उडाली, पेला उडाला, सगळं पाणी डब्याच्या फरशीवरून वाहत दाराखालून बाहेर गेलं.

"अरे!" मास्तर ओरडला. "डोळे फुटले का तुझे?"

"हात लागला," मी म्हणालो.

शेठ खाली वाकला. त्यानं बाटली उचलून उलटी केली. तीन-चार थेंब पडले. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी बाहेर बघायला लागलो.

आजींनी पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली. शेठनं हात जोडले. "औषध समजून घ्या हो," त्या म्हणाल्या. शेठ पुन्हा हात जोडून मान हलवत राहिला. मास्तर चिडला. "धर्म काय मरायला सांगून राह्यला का तुला? दोन घोट पी, घरी गेल्यावर काय प्रायश्चित्त असंल ते घे!"

"मरत न्हाई, मास्तर," शेठ म्हणाला. तो उभा राहायला गेला, बहुतेक आम्हाला दाखवायला की काही झालेलं नाही, आणि गुडघ्यातून खाली बसला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. आम्ही त्याला बाकावर आडवा केला, डोकं मास्तरच्या मांडीवर घेतलं. स्टेशनवर मुलाला काय सांगून आलोय, ते मला आठवत होतं. त्या क्षणी मला देवाची नाही, त्या मुलाच्या फोनची भीती वाटली.

मी गार्डला गाठलं. जवळात जवळ विस्तव कुठं मिळेल, असं विचारलं. त्यानं मला वेड्यात काढलं. वर रुळारुळानं गेलं तर वॉटर पाइप स्टेशन, तिथं एक चहाची टपरी आहे, म्हणाला. "पण गाडी मागं गेली तर तुमच्यासाठी थांबणार नाही."

मी बाटली आणि गळणं घेतलं आणि निघालो.

दगडाला वळसा घालून रुळावर आलो आणि पळायला लागलो. माझं वय आणि माझं पोट पळण्याचं नाही. स्लीपरवर पाय नीट पडत नाही, मधे खडी. श्वास लागला की चालायचो, चालताना शेठचा चेहरा आठवला की पळायचो. खालून गाडीचा आवाज येतोय का, ते ऐकत होतो. पंचवीस मिनिटं लागली असतील. वॉटर पाइपची पाटी दिसली तेव्हा छातीत भाता चालल्यासारखं होत होतं.

टपरीत एक मावशी बसल्या होत्या. त्यांना मी काय सांगितलं ते मलाही नीट आठवत नाही. उपास, मित्र, गाळून, तीनदा उकळून. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "चहाचं भांडं चालेल?" त्यांनी विचारलं. दुधाचं नको, म्हटलं. त्यांनी आतून भाताचं पातेलं आणलं. मी ते राखेनं घासलं, विसळलं, फडक्यानं कोरडं केलं, बाटलीही तोंडासकट तशीच घासून पुसली. मग गळण्यातून पाणी गाळलं आणि चुलीवर चढवलं.

चुलीवरचं पाणी उकळायला लागतो तेवढा वेळ दुसऱ्या कशालाच लागत नसेल. मी फुंकणीनं फुंकत होतो, डोळ्यांत धूर जात होता. पहिली उकळी आली. उतरवलं. खालून हॉर्न वाजला. गाडी वर येते आहे की मागं निघाली आहे, ते त्या आवाजावरून कळेना. पुन्हा चढवलं. दुसरी उकळी येता येता इंजिनाची घरघर जवळ आली, आणि वळणावरून गाडीचं तोंड दिसलं. दगड निघाला होता.

गाडी स्टेशनात शिरली. आमचा डबा टपरीच्या पुढं निघून गेला आणि थांबला. मास्तरचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. "झालं का? आण जल्दी! डोळे फिरवून राह्यला हा!"

दुसरी उकळी आली होती. पाणी खळखळत होतं. पातेलं उतरवून मी ते खाली टेकवलं, आणि माझा हात बाटलीकडं गेला. दोन काय नि तीन काय, पाणी तेच. जंतू मेले असतील तर दोनात मेलेत. मावशींना त्यातलं काही माहीत नव्हतं. मास्तर लांब होता. शेठ आडवा होता. पुन्हा एकदा कुणीच बघत नव्हतं.

मी पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं.

"येड लागलं का रे साहेबा!" मास्तर ओरडत होता. गार्डनं शिट्टी दिली. मी पाण्यावर डोळे लावून बसलो. तळाशी बुडबुडे धरले, कडेनं वर यायला लागले. दुसरी शिट्टी झाली. गाडीला झटका बसला, डब्यांच्या साखळ्या वाजल्या. मावशी म्हणाल्या, "जा हो, गाडी सुटली." तेव्हा पाणी फुटलं. पुरतं, मधोमध, खळखळून. मी ते बाटलीत ओतलं, अर्धं माझ्या हातावर सांडलं, बाटली खिशातल्या दस्तीत गुंडाळली आणि गाडीमागं धावलो. ती गाडी माणसाच्या चालीनं सुटते म्हणून बरं. मास्तरनं दार उघडून धरलं होतं, माझी बखोट धरून त्यानं मला आत ओढलं.

शेठ डोळे उघडून होता. आजी त्याला पदरानं वारा घालत होत्या.

पाणी पिण्याजोगं नव्हतं, हात लावण्याजोगंही नव्हतं. मास्तरनं परात काढली. मी ती मांडीवर धरली आणि पाणी ओतलं. गाडी हलत होती, पाणी या काठाहून त्या काठाला जात होतं, वाफ माझ्या तोंडावर येत होती. आता ते निवेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

"साहेब," शेठ बारीक आवाजात म्हणाला, "हात लागला न्हाई तुझा. तू पाडली."

मास्तरनं माझ्याकडं बघितलं.

मी सांगितलं. ठसका, तोंड लावून प्यालो ते, जुम्मापट्टीची बाटली, वजन बघितलं ते. परातीकडं बघत सांगितलं, कारण ती हलू द्यायची नव्हती. मास्तरच्या तोंडून एक शिवी गेली, मग आजी आहेत म्हणून तो गप्प बसला.

"प्यालो असतो तर मला कळलं नसतं," शेठ म्हणाला.

"न्हाई."

"मंग पाडलं कशाला?"

"बघवलं न्हाई."

"पाडायच्या आधी सांगायचं होतं."

"लाज वाटली."

"आता न्हाई वाटली?"

"आताबी वाटून राह्यली," मी म्हणालो. "चुकलं माझं. पंधरा दिवस म्हणल्तो, तेबी चुकलं."

शेठ कोपरावर उठला. मास्तरनं त्याला पाठीशी धरून बसवलं. वाफ कमी झाली होती. शेठनं परातीत बघितलं, मग माझ्या भाजलेल्या हाताकडं, मग माझ्याकडं.

"गाळलं?"

"गाळलं."

"किती उकळ्या?"

"तीन."

तो बघत राहिला. मी नजर हलवली नाही. तासाभरापूर्वी त्याला फसवलेला माणूस त्याला शब्द देत होता, आणि त्या तिसऱ्या उकळीला माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता. माझा चुलतभाऊ असाच माझ्यासमोर उभा होता, पोराच्या डोक्यावर हात ठेवून. आता त्याच्या जागी मी होतो; आणि शेठच्या जागीही मीच असतो, तर ती परात मी खिडकीबाहेर रिकामी केली असती.

शेठनं पेला पुसला, परातीत बुडवला आणि प्याला. मग दुसरा, मग तिसरा. मधे त्यानं एकदा थांबून श्वास घेतला. मास्तर खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत होता. गाडी माथ्यावर पोचली तेव्हा परात रिकामी होती, आणि ती पुसून पिशवीत ठेवायला शेठनं माझ्याकडं दिली.